अर्जदाराशी नातं

माय स्टॅम्पचा अर्ज दोन पानी असतो,
मागे बारीक अक्षरांत अटी.
ब्रदर लिबोरियोंनी पाच अर्ज आणले, पाच फोटो,
आणि पंधराशे रुपये, बरेचसे नाण्यांत.
नाण्यांना मेणाचा वास येत होता.

कोलबाडच्या उतारावर त्यांचा मठ,
मागे मुक्याबहिऱ्या मुलांचं सुतारकाम.
साठ वर्षं झाली म्हणाले यंदा ठाण्यात.
आमच्यातल्या कुणाचा फोटो नको,
ज्यांच्यामुळे टिकलो त्यांची तिकिटं काढू.

मी काउंटर तीन. जयवंती नाखवा. चेंदणीची.
बावीस वर्षं रजिस्टर, पार्सल, मनिऑर्डर.
फोटो बघायचे नसतात, साइज बघायची असते.
तरी बघितले.

हमीदमियाँ बर्फवाले: मे महिन्यात मठात कुणी गेलं
की रात्री दोनला लादी पोचायची, बिल कधीच नाही.
दमयंती कर्णिक, हातवाऱ्यांची भाषा शिकायला आल्या
आणि एकतीस वर्षं शिकतच राहिल्या.
नव्या हॉलवर संगमरवरात ज्यांचं नाव आहे
ते कुठेच नव्हते. मी विचारलं.
ब्रदर म्हणाले, त्यांची पाटी आहे की.

एका रकान्यात अडलं. अर्जदाराशी नातं.
पाचही ठिकाणी निळ्या शाईत: मित्र.
म्हटलं, ब्रदर, संगणकात मित्र नाही.
आई आहे, वडील आहेत, पती, पत्नी, अपत्य,
आणि शेवटी इतर.
मग इतर करा, ते म्हणाले,
आम्हाला सगळं इतरांनीच तर दिलं.

इनास किणींचा फोटो सगळ्यात वाईट.
येऊरच्या खदानीत दगड फोडायचा हा माणूस,
रविवारी दुपारी मठाची विहीर खणायचा,
चार उन्हाळे, एकटाच.
आयुष्यात फोटो निघाला तो एकदा,
पाणी लागलं त्या दिवशी, बिशपच्या पाठीमागे.
बिशपला कापून काढलं होतं,
पण इनासच्या खांद्यावर
एक जांभळी बाही राहिली होती.
अटींप्रमाणे दुसऱ्या व्यक्तीचा भाग चालत नाही.
मी अर्ज घेतला.

तिकिटं आली. एका तावात बारा.
ज्याला जिवंतपणी एका फोटोत धड जागा नव्हती
तो ओळीने बारा वेळा, दातेरी कडांत,
प्रत्येक खांद्यावर ती बाही.

मिस्सा झाली, भाषणं झाली, ताव घरोघरी दिले.
लोकांनी फ्रेम केले. एकही टपालात आलं नाही.
पोस्टात आम्ही हसायचो,
देवाच्या माणसांची तिकिटं देव्हाऱ्यातच.

ऑगस्टात इनासची मुलगी आली, सेव्हरीन,
माजिवड्याहून, चपला चिखलाने भरलेल्या.
लिफाफ्यावर पत्ता: महावितरण, तक्रार विभाग.
मीटर वेडं झालंय, बिल नऊ हजार.
कोपऱ्यात तिचा बाप.

कुरियर कर, मी म्हटलं, किंवा साधं तिकीट देते,
हे ठेव गो.
ती म्हणाली, का? पाच रुपयांचं नाय हाय?

आहे. पाच रुपयांचंच आहे.

तारखेचा शिक्का उचलला.
बावीस वर्षांत पुढाऱ्यांवर, पक्ष्यांवर, फुलांवर मारला,
कधी हात थांबला नव्हता.
ती काचेतून बघत होती.
मारना गो, म्हणाली,
बापूस जल्मभर घणाच्या आवाजात जगला,
त्याला काय भ्या.

मी नेम धरून मारला.
ठाणे, तारीख, काळं वर्तुळ
बरोबर त्या जांभळ्या बाहीवर.
चेहऱ्याला थेंब नाही.

नियमाने शिक्का तिकिटावर नीट, ठळक उमटायला हवा.
उमटला.

दारातून ती परत वळली.
अजून अकरा हायेत, म्हणाली,
मीटर बदलंस्तोवर पुरतील.

आज सातवं आलं.